तिन्ही वेळा त्याच शब्दावर

"मावशी, तू खरंच माणसं खाल्लीस का?"

फ्रेमाने एका दमात विचारून टाकलं. मध्ये श्वास घेतला असता तर प्रश्न उलट्या पावली पोटात गेला असता. काल शाळेच्या नळाशी आसिबीने आणि आणखी चौघींनी तिला गाठलं होतं. वादविवादात ढाल जिंकून आणलीस, मुख्याध्यापिकेसमोर मान वर करून बोलतेस, मग घरातल्या चेटकिणीला एवढं एक विचारून दाखव, असं त्या म्हणाल्या होत्या. फ्रेमाने तिथल्या तिथे पैज घेतली. ढाल मिळाल्यापासून तिला कशालाच नाही म्हणता येत नव्हतं.

कोनादू मावशी आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून बाजरीच्या पेजेत चवळीचा वडा बुडवत होती. ती चिडली नाही, हसलीही नाही. सिनेमात ती अशी गप्प झाली की बांतामा वस्तीतली अख्खी आळी टीव्हीपुढे श्वास रोखून बसायची. आता तीच नजर फ्रेमावर होती.

"कुठली क्लिप पाहिलीस तू?" मावशीने विचारलं. "समोरून काढलेली की बाजूने?"

"समोरून."

"गळ्याची शीर दिसते त्यात?"

"दिसते."

"मग बरी आली असेल." तिने वडा पेजेत तसाच सोडला. "आणि खाण्याचं म्हणशील, तर आज मला हा एवढासा वडाही घशाखाली उतरत नाहीये. जा, सांग तुझ्या मैत्रिणींना."

फ्रेमाला स्वतःच्या जिभेची लाज वाटली, आणि लाज वाटली की तिला हटकून राग यायचा. तशी आज राग यायला आणखीही पुष्कळ कारणं होती.

तीन आठवड्यांपूर्वी कुमासी शहराबाहेर एका प्रार्थनेच्या छावणीत दिग्दर्शक बेदियाकोच्या नव्या सिनेमाचं चित्रीकरण झालं. बेदियाकोच्या सिनेमांना लिहिलेले संवाद नसतात. सकाळी तो सगळ्यांना झाडाखाली उभं करतो आणि सांगतो, तू पास्टर, तू चेटकीण, हिने आता कबुली द्यायची, चला. पुढचं ज्याचं त्याने आपल्या पोटातून काढायचं. त्या दिवशी गर्दी म्हणून छावणीतली खरीखुरी भाविक मंडळी बसवली होती. काहींना सांगितलं होतं की हा सिनेमा आहे, काहींना सांगायचं राहून गेलं, आणि ज्यांना सांगितलं होतं तीही पाच मिनिटांत ते विसरली. मावशी गुडघ्यांवर बसून बोलू लागली तशी माणसं रडायला लागली, आणि रडता रडता त्यांनी फोन वर केले. आठवड्याभरात ती क्लिप साऱ्या कुमासीत फिरली. खाली ओळ होती: पंधरा वर्षं पडद्यावर चेटकीण झालेल्या बाईने अखेर खरं कबूल केलं.

मग बाजारात केळीवालीने मावशीला केळी विकायचं नाकारलं. गल्लीत कुणीतरी तिच्या पाठीवर भांडी धुतलेलं पाणी फेकलं. हे सगळं मावशीने गिळलं असतं, आधीही गिळलं होतं. पण परवा, गुरुवारी, डांसोच्या घरून निरोप आला की रविवारी ते येणार नाहीत.

डांसो म्हणजे फ्रेमाच्या ताईचा, अचियाचा, होणारा नवरा. रविवारी त्याच्याकडची वडीलधारी मंडळी दारूच्या दोन बाटल्या घेऊन दार ठोठावायला, म्हणजे रीतसर मागणी घालायला, येणार होती. तेवढं झालं की लग्न ठरल्यात जमा. मुलीच्या बाजूने बोलायला कोनादू मावशीच बसणार होती, कारण साऱ्या कुळात तिच्यासारखी जीभ कुणाची नव्हती. आणि आता डांसोची आई विचारत होती की चेटकिणीच्या घरची मुलगी करून आम्ही आमची नातवंडं तिच्या ताटात वाढायची का.

म्हणून थोरल्या मामांनी आज शनिवारी सकाळी दहाला सगळ्यांना कुळाच्या या घरी बोलावलं होतं. मावशीची खोली याच घरात होती. ती तिची राहणार की नाही, तेही आजच ठरायचं होतं.

अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या गेल्या. मधल्या खुर्चीत थोरले मामा बसले. खांद्यावरचं उपरणं घसरलं नसतानाही ते सारखं वर ओढत होते, म्हणजे ते आधीच तापलेले होते. त्यांच्या उजव्या हाताला टिवा आजी. ती फ्रेमाच्या वारलेल्या आजीची चुलत बहीण, घरातली सगळ्यांत म्हातारी बाई, कान अधू आणि जीभ शाबूत. समोर आई आणि ताई एकमेकींना चिकटून. बाबा पार फाटकाजवळ, अर्धे उन्हात. या घरात मुलं आईच्या कुळाची, त्यामुळे बापाला अशा बैठकीला बोलावतात ते ऐकायला. मोटारींची इंजिनं उघडून बसवणारे बाबा इथे आले की आपल्या हातांचं काय करावं हे न कळल्यासारखे ते मांड्यांखाली दाबून बसत.

फ्रेमा मावशीच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसली. तिला तिथे बस असं कुणी म्हटलं नव्हतं. ताईने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने भर रस्त्यात ताईची ओढणी ओढली.

मामांनी फोन काढला, आवाज मोठा केला आणि क्लिप लावली. अंगणभर मावशीचा आवाज घुमला. खरी मावशी तिथेच बसून तो ऐकत होती.

"माझ्या बहिणीच्या पोटातलं मी खाल्लं. मी टोपडं विणत बसले होते. ती म्हणाली, अक्का, हालत नाहीये. मी म्हटलं, झोपलंय. आणि विणता विणता मी खात होते."

मामांनी फोन बंद केला. नंतर बराच वेळ ते एकटेच बोलले. त्यांनी पंधरा वर्षं या बाईला सांगितलं होतं की असली सोंगं करू नकोस. चर्चमध्ये आता त्यांच्या बाकावर कुणी बसत नाही. परवा पास्टरांनी त्यांच्याशी हात मिळवला आणि लगेच तो हात कोटाला पुसला. त्यांच्या आवाजात नुसता राग नव्हता, भीतीही होती, आणि तीच लपवायला ते अधिक मोठ्याने बोलत होते. फ्रेमाला हे कळलं. कळलं म्हणून तिचा राग काही कमी झाला नाही.

टिवा आजीने मान डोलावून सांगितलं की तिला पहिल्यापासूनच ठाऊक होतं. त्या दोन विधवांच्या सिनेमात कोनादूने माशाचं डोकं ज्या तऱ्हेने चोखलं, तसं साधी बाई चोखूच शकत नाही.

"तो सिनेमा किती वेळा पाहिलात, मावशी?" कोनादूने अगदी आदराने विचारलं.

"चार," म्हातारी म्हणाली, आणि मग आपल्याला कुणीतरी फसवलं असं वाटून तिने तोंड फिरवलं.

बाबा फाटकाशी खाली मान घालून हसले. आई हसली नाही. ती डोक्याच्या रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. क्लिप सुरू झाल्यापासून तिने एकदाही वर पाहिलं नव्हतं.

फ्रेमा उठली. मामा, मला बोलायचंय, असं ती म्हणाली. मामांनी हाताने तिला खाली बसवलं. लहानांनी लहानांसारखं राहावं, हे त्यांचं ठरलेलं होतं. टिवा आजी म्हणाली, बोलू दे रे, ढालवाली आहे, बघू काय दिवे लावते. म्हातारीला तमाशा आवडायचा, आणि सध्या तिला मामांवरही थोडा सूड उगवायचा होता, कारण त्यांनी तिला अजून चहा विचारला नव्हता.

फ्रेमाच्या फोनवर एक नाही, तीन क्लिपा होत्या. आसिबीने एक पाठवली होती, दुसरी वर्गातल्या गटावर आली होती आणि तिसरी चुलतभावाने पाठवली होती. सगळे समजत होते की एकाच प्रसंगाच्या त्या तीन बाजू. काल संध्याकाळी फ्रेमाने त्या इतक्या वेळा पाहिल्या की फोन दोनदा चार्ज करावा लागला. ती पाहायला बसली होती घाबरून, आणि मध्येच कधीतरी भीती उडून गेली आणि ती मावशीचं काम पाहत राहिली. काम पाहायची तिला सवयच होती. बिनसंवादांच्या सिनेमात जो तो दुसऱ्याच्या वर आवाज काढतो, कारण जो ओरडतो त्याच्याकडे कॅमेरा वळतो. मावशी कधी ओरडत नसे. ती समोरच्याचं ऐकायची. पास्टर ओरडत असला की ती त्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हाताकडे बघायची, तो मारेल की काय अशी, आणि मग बघणाऱ्यालाही त्या हाताची धास्ती वाटायची. एखादी बाई नुसती ऐकून अख्खा पडदा आपल्याकडे ओढते, हे एकदा दिसलं की परत न दिसणं शक्य नव्हतं. फ्रेमाने हे वर्गात सांगून पाहिलं होतं. मुली म्हणाल्या, ती मंतर टाकते.

तिने फोन मामांच्या हातात दिला आणि स्वतः मागे उभी राहिली.

"आधी मावशीकडे बघू नका," ती म्हणाली. "मागच्या आंब्याची सावली बघा. पहिल्या क्लिपमध्ये ती तिच्या गुडघ्यापाशी आहे. दुसरीत पास्टरच्या बुटावर. तिसरीत भिंतीवर चढलीय. कबुली एकच असेल तर मध्ये दोन तास कुठून आले?"

मामांनी डोळे बारीक केले. ताईही उठून आली. तिला हवं असो नसो, मान पुढे झालीच.

"आता डोळे बघा. डावा डोळा. 'झोपलंय' म्हणते तेव्हा पाणी खाली येतं. आता दुसरी बघा. तोच डोळा, तोच शब्द. तिसरी. तोच शब्द. मामा, जिच्या अंगात सैतान आलाय ती बाई बेदियाको 'पुन्हा एकदा' म्हणाला म्हणून पुन्हा तिथेच रडेल का? तिन्ही वेळा? हे काम आहे. आपल्या घरात बसलेल्या बाईइतकं चांगलं हे काम कुमासीत कुणाला येत नाही, आणि तुम्ही तिला पाणी विचारत नाही."

अंगणात कुणी बोललं नाही. टिवा आजीने फोन ओढून घेतला आणि तिसरी क्लिप पुन्हा लावली. फ्रेमाला वाटलं, झालं. ढाल मिळाली त्या दिवशी असंच झालं होतं, आधी शांतता आणि मग टाळ्या.

मामांनी उपरणं वर ओढलं.

"म्हणजे हिला पाहिजे तेव्हा रडता येतं," ते सावकाश म्हणाले. "डावा डोळा म्हटलं की डावा. मग आजवर हिने या अंगणात जे जे म्हटलं त्यातलं खरं कुठलं? आपल्या आईच्या मयताला काय केलं हिने? तेही कामच का?"

 फ्रेमाने आणलेला पुरावा मामांनी उलटा फिरवून तिच्याच मावशीवर धरला होता.

कोनादू आता पहिल्यांदा उठली. तीन वर्षांपूर्वी त्या मयताला सातशे माणसं आली होती, आणि त्यातली निम्मी माणसं, नटी स्वतःच्या आईसाठी कसा आक्रोश करते ते बघायला. मयताचे काळे-तांबडे कपडे घालून ती शवाजवळ खांबासारखी उभी राहिली होती. टिवा आजीने तेव्हा चारचौघांत म्हटलं होतं, लाकडाला तरी डिंक सुटतो.

"दादा, त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, पैसे घेऊन गावाला रडवते आणि स्वतःच्या आईला हिच्याकडे दोन आसवं नाहीत," कोनादू म्हणाली. "मला रडता आलं नाही. माझं नाक वाहत होतं आणि उचकी लागली होती. ते खरं होतं, म्हणून इतकं वाईट झालं. तेव्हा तुम्हाला जास्त हवं होतं. आज कमी हवंय. मी किती रडले म्हणजे तुमची बहीण होते, ते एकदा मला सांगून टाका."

मामा काही म्हणणार तोच आई बोलली.

"टोपडं पिवळं होतं."

आवाज इतका हळू होता की टिवा आजीने काय म्हणाली, काय म्हणाली असं विचारलं. आईने परत सांगितलं नाही. ती फक्त मावशीकडे बघत होती.

फ्रेमा चार वर्षांची असताना तिला महिनाभर बाबांच्या आईकडे ठेवलं होतं. तिथे तिला रोज नारळाचं पाणी मिळायचं, एवढंच तिला आठवत होतं. का ठेवलं होतं, ते कुणी कधी सांगितलं नव्हतं. आता तिला कळलं, आईच्या पोटातलं मूल तेव्हाच गेलं होतं; आणि ताईच्या चेहऱ्याकडे बघून हेही कळलं की ताईला ते ठाऊक होतं.

"आमच्या दोघींत होतं ते," आई म्हणाली. "मी ह्यांनाही पुरतं सांगितलं नाही. हालत नाहीये म्हटलं होतं, ते मी तुला म्हटलं होतं, अक्का. ते तू उचललंस आणि बेदियाकोला दिलंस. अनोळखी माणसांपुढे. आणि एकदा नाही, तीनदा. ही पोर आत्ताच म्हणाली, तीनदा."

फ्रेमाला वाटलं, तो फोन आता टिवा आजीच्या हातातून घ्यावा आणि विहिरीत टाकावा. सावल्या बघितल्या, डोळे बघितले, शब्द बघितला. तो शब्द कुणाबद्दल होता हे बघायचं तिला सुचलंच नव्हतं.

कोनादू खाली बसली नाही. सिनेमात अशा वेळी ती काय करते हे फ्रेमाला पाठ होतं: आधी खांदे सैल, मग हनुवटी. त्यातलं काहीही झालं नाही. मावशीच्या हातांना नुसती जागा सापडत नव्हती.

"चोरलं, पोमा," ती आईला म्हणाली. "दुसरा शब्द नाही. बेदियाको म्हणाला, कबुली दे. मी आत हात घातला, तर हाताला तेच लागलं. अकरा वर्षं तिथे दुसरं काही नाहीच. तू म्हणालीस हालत नाहीये आणि मी विणत होते, मी म्हटलं झोपलंय, सकाळी बघू. रात्रीच गाडी बोलावली असती तर कदाचित... माझं चुकलं, हे मी तुला कधी म्हटलं नाही. तुझ्यापुढे तोंडच उघडत नव्हतं. तिथे उघडलं."

आईने रुमालाचं टोक सोडलं. ती रडली नाही. ती मावशीकडे गेलीही नाही. फक्त तिचा श्वास मोठा झाला, बसल्या जागी ऐकू येण्याइतका.

आणि नेमकं तेवढ्यात मामा खुर्चीच्या हातावर थाप मारून म्हणाले, ऐकलंत सगळ्यांनी? म्हणजे कबुली खरीच आहे.

फ्रेमाच्या डोक्यात काहीतरी तडकलं. खोटं रडली तर ही लबाड, खरं रडली तर ही चेटकीण. मयतात कमी रडली तर निर्दय, छावणीत जास्त रडली तर भुताळी. या अंगणात मावशीला उभं राहायला पाऊलभरसुद्धा जागा कुणी ठेवली नव्हती, आणि जागा नाही म्हणून परत तिलाच दोष. ती बोलायला गेली तर ताईने तिचं मनगट धरलं.

"तुला तिच्या डोळ्यातलं पाणी दिसतं," ताई म्हणाली. "डावा का उजवा, सगळं दिसतं. मी गुरुवारपासून रडतेय, माझ्या कुठल्या डोळ्यातून येतं सांग बरं."

 फ्रेमाने खरंच बघितलं नव्हतं.

मामांनी निकाल सांगून टाकला. त्यांनी तो घरूनच ठरवून आणला होता हे उघड होतं, कारण छावणीच्या पास्टरशी बोलणंही झालेलं होतं. उद्या चर्च सुटल्यावर कोनादूला छावणीत न्यायचं. पास्टर तिच्या डोक्यावर हात ठेवून तिच्यातलं जे काय आहे ते बाहेर काढतील. ते सगळं फोनवर नीट चित्रित करायचं आणि सोमवारी डांसोच्या आईला पाठवायचं. लग्न पार पडेपर्यंत कोनादू छावणीतच राहील, खोलीला कुलूप. आणि सिनेमे कायमचे बंद. चित्रणाच्या सुरुवातीला घरातल्या कुणीतरी दोन वाक्यं बोलायला हवीत, म्हणजे घर पाठीशी आहे हे दिसेल. ते काम फ्रेमाचं. ढाल जिंकलेली मुलगी, आवाज स्वच्छ, इंग्रजीही चांगलं.

टिवा आजीने एवढंच विचारलं की पास्टर कुठला, तो उंच का तो ठेंगणा, कारण ठेंगण्याचा तिला भरवसा नव्हता.

सगळे कोनादूकडे वळले. ती भांडेल असं फ्रेमाला वाटत होतं. ती भांडली नाही. ती ताईकडे बघत होती, ताईच्या सुजलेल्या पापण्यांकडे, फार वेळ.

"करते," ती म्हणाली. "एका टेकमध्ये होईल. पास्टरना म्हणावं, माझ्या डाव्या बाजूला उभे राहा."

"हा सिनेमा नाही," मामा कडाडले.

"मग फोन कशाला आणताय, दादा?"

आईने मान वर केली. "अक्का," ती म्हणाली, "उद्या पुन्हा त्याच्यावरच रडणार का?"

"दुसरं काही नाही गं माझ्याकडे."

आईने परत मान खाली घातली. तिच्या एका बाजूला ताई बसली होती, ताईचा हात तिच्या हातात होता, आणि तो सोडून काही बोलणं तिला शक्य नव्हतं. फ्रेमाला ते दिसलं. तिला हेही दिसलं की मावशी उद्याचं कामसुद्धा जीव ओतून करणार. इतकं चांगलं करणार की साऱ्या कुमासीला पटेल की हिच्यात चेटकीण होती आणि ती आज बाहेर पडली. मग तिला कुठलाच बेदियाको झाडाखाली उभं करणार नाही. कुमासीतलं सगळ्यांत चांगलं काम आपलं शेवटचं काम म्हणून करून ती त्यात स्वतःलाच पुरून टाकणार. आणि ते पुरायला लागणारी माती म्हणजे आईचं ते मूल, चौथ्यांदा.

खुर्च्या सरकायला लागल्या होत्या. मामा उठून उपरणं झटकत होते. आईने फ्रेमाला घरी जायला सांगितलं, पांढरा झगा इस्त्री करून ठेव, उद्या तोच घाल, चित्रणात स्वच्छ दिसतो. कुठली दोन वाक्यं म्हणायची ते मामा कागदावर लिहून देतील.

फ्रेमा अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिने पाय फाकवून रोवले.

"बाबा, तुम्ही पण इकडे या," ती म्हणाली.

बाबांनी आधी मामांकडे पाहिलं. मग मांड्यांखालचे हात काढले, उठले आणि गोल खुर्च्यांच्या आत येऊन आईशेजारी उभे राहिले. इतक्या वर्षांत ते कधी आत आले नव्हते. मामांनी तोंड उघडलं, पण टिवा आजीने त्यांच्या उपरण्याचं टोक धरून त्यांना परत खुर्चीत बसवलं. हे तिला चुकवायचं नव्हतं.

"झगा मी इस्त्री करते," फ्रेमा म्हणाली. ती फक्त आई-बाबांकडे बघत होती, आणि तिचा आवाज वादविवादात असतो तसा मुळीच नव्हता, तो जाड आणि खरखरीत झाला होता. "उद्या मी छावणीत येणार. पण फोनपुढे उभी राहून ती दोन वाक्यं म्हणायला नाही. मी मावशीच्या शेजारी गुडघ्यांवर बसणार. पास्टरने तिच्या डोक्यावर हात ठेवला की माझ्याही ठेवायचा, कारण मी म्हणणार आहे की मी तिची शिष्य आहे, आणि मी कोणाकोणाला खाल्लं ते नावं घेऊन सांगणार आहे. मामांपासून सुरुवात करीन. मावशीला मी एक शब्दही बोलू देणार नाही, आई, म्हणजे तुझं काही तिला परत काढावं लागणार नाही. आणि ते सगळं डांसोच्या आईला खुशाल पाठवा. ताई, मला माफ करू नकोस, पण मी ठरवलंय. बाबा, तुम्हीही ऐकून ठेवा. मी ठरवलंय."